औषध सुरू होण्याआधी लस: प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या उपचारांत लशींच्या तारखा कशा बसवायच्या

ताईच्या हाताला रिटुक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचं पहिलं सलाईन लागलं तेव्हा मी शेजारी बसून तिची फाईल लावत होते. आमवाताचे रिपोर्ट, एक्स-रे, लिव्हर-किडनीच्या तपासण्या, छातीचा फोटो, सगळं तारखेप्रमाणे. ठिबक नीट पडतंय ना हे बघून सिस्टरांनी नोंदवहीत लिहिता लिहिता विचारलं, "न्यूमोनियाची लस कधी घेतलीत?" ताईने माझ्याकडे बघितलं, मी फाईलकडे. लशीचा एकही कागद त्यात नव्हता. आमवाताच्या डॉक्टरांना वाटलं होतं, लशींचं घरच्या डॉक्टरांनी बघितलं असेल. घरच्या डॉक्टरांना वाटलं होतं, तिकडे सांगितलं असेल. दोन-चार आठवडे आधी कुणी विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. आता त्यासाठी जवळजवळ सहा महिने थांबावं लागणार होतं.

ज्यांना नुकतंच "आता प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करू या" असं सांगितलं गेलंय, किंवा ज्यांच्या घरात असं कुणी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. तारीख तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण प्रश्न वेळेत विचारला गेला नाही तर ती तारीख हातातून जाते, आणि प्रश्न विचारणं आपल्या हातात आहे.

पहिली पायरी: औषधाचं खरं नाव लिहून काढा

"संधिवाताची गोळी" किंवा "आतड्याचं इंजेक्शन" एवढ्यावर लशीचा निर्णय होत नाही. पाकिटावर कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव असतं, ते हवं. सोबत डोस, किती दिवसांनी घेता, आणि शेवटचा कधी घेतला.

स्टेरॉइडचं उदाहरण घ्या. प्रेडनिसोलोन रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त, आणि तेही सलग १४ दिवस किंवा जास्त, असं असेल तर प्रतिकारशक्ती दबली आहे असं धरतात. दम्याचा पंप, त्वचेला लावायचं मलम, गुडघ्यात घेतलेलं एखादं इंजेक्शन हे सहसा त्यात धरत नाहीत. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि सल्फासॅलाझिन आमवातात देतात, पण ती लशीच्या आड येत नाहीत. याउलट मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट, टॅक्रोलिमस, अ‍ॅडालिमुमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅबसारखी बायोलॉजिक इंजेक्शनं, टोफासिटिनिबसारख्या गोळ्या, केमो ही सगळी या लेखाच्या कक्षेत येतात. रिटुक्सिमॅब सगळ्यांत वेगळं, त्याच्याकडे पुढे सविस्तर येते.

दुसरी पायरी: लस जिवंत आहे की निष्क्रिय, हे विचारा

जिवंत लशीत दुबळा केलेला विषाणू किंवा जिवाणू असतो. तो शरीरात थोडाफार वाढतो आणि त्यातूनच प्रतिकारशक्ती तयार होते. निरोगी माणसात शरीर त्याला आवरतं. प्रतिकारशक्ती दाबलेली असेल तर तोच दुबळा जंतू डोकं वर काढू शकतो. गोवर-गालफुगी-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर, बीसीजी, रोटाव्हायरस आणि पोलिओचे थेंब या जिवंत लशी.

निष्क्रिय लशीत जिवंत काहीच नसतं. मारलेला जंतू, त्याचा एखादा तुकडा, किंवा तो तुकडा बनवण्याची सूचना एवढंच. न्यूमोनिया, हिपॅटायटिस बी, धनुर्वात, एचपीव्ही, रेबीज, कोविडच्या एमआरएनए लशी या अशा. यांच्यामुळे तो आजार होऊच शकत नाही. प्रश्न एवढाच की दाबलेलं शरीर त्यांना पुरेसा प्रतिसाद देईल का. म्हणजे जिवंत लशीची तारीख चुकली तर धोका होऊ शकतो, निष्क्रिय लशीची चुकली तर लस वाया जाऊ शकते.

इथे एक खाच आहे. एकाच आजाराच्या दोन्ही प्रकारच्या लशी असतात. फ्लूची नाकात फवारायची लस जिवंत, दंडातलं इंजेक्शन निष्क्रिय. टायफॉइडची तोंडाने घ्यायची लस जिवंत, इंजेक्शन निष्क्रिय. नागिणीची जुनी लस जिवंत होती, आताची दोन डोसांची नवी लस निष्क्रिय आहे. त्यामुळे "नागिणीची लस चालेल का?" असं न विचारता "ही जी हातात आहे ती जिवंत आहे का?" असं विचारा. बाटलीवरचं नाव वाचून घ्या, संकोच करू नका.

तिसरी पायरी: औषध सुरू होण्याआधीचा मोकळा काळ वापरा

सगळ्यांत मोलाचा काळ हाच. निदान झालंय, औषध ठरलंय, पण पहिला डोस अजून पोटात किंवा शिरेत गेलेला नाही. या दिवसांत घेतलेली लस पुरेपूर कामाला येते.

साधारण नियम असा: निष्क्रिय लस औषधाच्या किमान दोन आठवडे आधी, जिवंत लस किमान चार आठवडे आधी. दोन आठवडे यासाठी की लस टोचल्यावर अँटीबॉडी, म्हणजे जंतूशी लढणारी प्रथिनं, तयार व्हायला साधारण तेवढा वेळ लागतो. चार आठवडे यासाठी की लशीतला जिवंत जंतू शरीराने पूर्ण आवरलेला असावा, आणि मगच आपण शरीराचे हात बांधावेत.

या काळात डॉक्टरांकडे पुढच्या गोष्टी काढा. फ्लूची लस यंदाची घेतली आहे का? न्यूमोनियाची? न्यूमोकोकस या जंतूच्या २० प्रकारांवर चालणाऱ्या नव्या लशीचा एक डोस पुरतो. १३ किंवा १५ प्रकारांवरची घेतली तर प्रतिकारशक्ती दबलेल्यांना किमान आठ आठवड्यांनी २३ प्रकारांवरचीही देतात. धनुर्वाताचा बूस्टर दहा वर्षांत झालाय का? लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का? हा शेवटचा प्रश्न आईला, मावशीला, आत्याला फोन करून विचारा, कारण मोठ्या वयात कांजिण्या वाईट असतात आणि औषध चालू असताना त्याहून वाईट. आठवत नसेल तर रक्तातल्या अँटीबॉडी तपासता येतात. झालेल्या नसतील आणि चार आठवडे हातात असतील, तर कांजिण्यांच्या लशीसाठी तीच वेळ.

हिपॅटायटिस बीबद्दल थोडं थांबून सांगते. लस द्यायच्या आधी रक्त तपासून घ्यायला हवं, कारण हा विषाणू कित्येकांच्या शरीरात वर्षानुवर्षं गुपचूप पडून असतो. रिटुक्सिमॅबसारख्या औषधाने पहारा उठला की तो उसळून येतो आणि लिव्हर निकामी करू शकतो. अशा माणसाला लस उपयोगाची नसते, त्याला विषाणूवरचं औषध लागतं. तपासणी कोरी आली तर लस. तिचे डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात. सहा महिने कुणी थांबत नाही, थांबूही नये. होतील तेवढे डोस आधी घ्यायचे, उरलेले औषध चालू असताना.

आणखी एक बारीक गोष्ट, जी आम्हाला फार उशिरा कळली. बायोलॉजिक सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी करतात. गोवराची लस घेतल्यावर काही आठवडे हातावरची ट्युबरक्युलिन चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून दोन्ही एकाच दिवशी करतात, किंवा चाचणी आधी, किंवा लशीनंतर चार आठवडे सोडून.

हे सगळं वाचून एक गैरसमज मात्र करून घेऊ नका. लशीसाठी तातडीचं औषध अडवून धरायचं नसतं. किडनीवर हल्ला करणारा ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार), रक्ताचा कर्करोग, वेगाने जाणारी नजर, अशा वेळी डॉक्टर "आज सुरू करू" म्हणाले तर आज सुरू करायचं. लस नंतर बसवता येते, गेलेली किडनी परत येत नाही.

चौथी पायरी: औषध आधीच सुरू असेल तर

बहुतेक वाचक इथेच असतील. जिवंत लशी आता बाजूला ठेवा. निष्क्रिय लशी चालू औषधातही घेता येतात आणि घ्याव्यात, फक्त औषधागणिक थोडा फरक आहे.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घेतात. फ्लूच्या लशीनंतर ते दोन आठवडे बंद ठेवलं तर लस जास्त चांगली लागते. कोरियातल्या एका अभ्यासात, जो २०१८ साली प्रसिद्ध झाला, लशीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवलेल्या आमवाताच्या रुग्णांपैकी सुमारे ७५ टक्क्यांत पुरेसा प्रतिसाद दिसला, चालू ठेवलेल्यांत सुमारे ५५ टक्क्यांत. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेच्या २०२२ सालच्या मार्गदर्शिकेने हाच सल्ला फ्लूच्या लशीसाठी घेतला, तोही आजार आटोक्यात असेल तरच. इतर निष्क्रिय लशींसाठी मेथोट्रेक्सेट थांबवायला ती सांगत नाही.

यात लोक हमखास उलटं करतात. थांबवायचं असतं ते लशीनंतर, लशीआधी नव्हे. सलाईनच्या वॉर्डात ताईच्या शेजारच्या खाटेवर एक काकू यायच्या. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी फ्लूच्या लशीआधी दोन आठवडे मेथोट्रेक्सेट आणि सोबतचं स्टेरॉइड, दोन्ही आपल्या मनाने बंद केलं. लस तशीच राहिली, कारण तोवर बोटं इतकी सुजली की चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यावा लागत होता. मनगटावर लाल, गरम, चकचकीत सूज मी स्वतः बघितली. रोजचं स्टेरॉइड एकदम बंद करणं तर जिवावर बेतू शकतं, कारण शरीराने स्वतःचं नैसर्गिक स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोल, बनवणं कमी केलेलं असतं. औषध थांबवायचं की नाही हे ज्यांनी ते लिहून दिलं त्यांनाच विचारा, प्रत्येक वेळी, आधी थांबवलं होतं तरीही.

स्टेरॉइड रोज २० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर निष्क्रिय लशी घेता येतात. २० किंवा त्याहून जास्त असेल तर फ्लूची लस घ्यायचीच, बाकीच्या डोस उतरेपर्यंत पुढे ढकलायच्या. अ‍ॅडालिमुमॅब, इटॅनरसेप्ट यांसारख्या इंजेक्शनांत निष्क्रिय लशीसाठी वाट बघावी लागत नाही. मधल्या कुठल्याही दिवशी चालतं. टोफासिटिनिबच्या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांना नागीण जास्त होते, म्हणून नागिणीच्या निष्क्रिय लशीचा विषय त्यांनी स्वतःहून काढावा. तिचे दोन डोस एरवी दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने देतात. प्रतिकारशक्ती दाबायची घाई असेल तर एक ते दोन महिन्यांवर आणता येतात.

आता रिटुक्सिमॅब. लस टोचल्यावर अँटीबॉडी बनवायचं काम सुरू होतं ते बी पेशींपासून. रिटुक्सिमॅब त्या पेशींवरची सीडी-२० नावाची खूण ओळखून त्या पुसून टाकतं. त्या परत यायला सहा महिने ते वर्ष लागतं. मधल्या काळात नवी लस दिली तर तिला ओळखून अँटीबॉडी बनवणारं जवळजवळ कुणीच नसतं. पण हाडांच्या मगजात बसून जुन्या अँटीबॉडी बनवत राहणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर ती खूण नसते, त्यामुळे त्या वाचतात. म्हणजे आधी घेतलेल्या लशीचं संरक्षण बऱ्याच अंशी टिकतं, नंतर घेतलेलीचं मिळत नाही. हे मला एका डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे गोल काढून समजावलं, आणि तेव्हापासून तारखांचा हा खटाटोप मला ओझं वाटेनासा झाला.

म्हणून ज्यांचं रिटुक्सिमॅब दर सहा महिन्यांनी असतं, त्यांनी लस पुढच्या डोसाची तारीख जवळ येते तेव्हा घ्यायची, आणि लशीनंतर तो डोस किमान दोन आठवडे पुढे न्यायचा. युरोपातली मार्गदर्शिका याहून थोडं जास्त अंतर ठेवते: आधीच्या डोसानंतर किमान सहा महिने, पुढच्याआधी चार आठवडे. ताईच्या डॉक्टरांनी आजार शांत बघून चार आठवडे धरले. फ्लूची लस याला अपवाद. मोसम आला की घ्यायची, कारण मोसम आपल्या डोसासाठी थांबत नाही आणि थोडा प्रतिसादही कामाचा असतो.

एक्युलिझुमॅब हे दुर्मीळ आजारांतलं औषध घेणाऱ्यांनी मेनिंगोकोकल लशी किमान दोन आठवडे आधी घ्याव्यात. त्या औषधात मेंदूज्वराच्या या जंतूचा धोका इतका वाढतो की लस राहिली आणि औषध तातडीचं असेल, तर सोबत प्रतिबंधक अँटिबायोटिक देतात.

पाचवी पायरी: औषध संपल्यावर

जिवंत लशींचा विचार आता. जास्त डोसाचं स्टेरॉइड बंद झाल्यावर किमान चार आठवडे, केमो संपल्यावर किमान तीन महिने, रिटुक्सिमॅबनंतर किमान सहा महिने थांबतात, आणि मूळ आजार शांत असावा लागतो. मध्ये शिरेतून इम्युनोग्लोबुलिन, म्हणजे दुसऱ्यांच्या रक्तातल्या तयार अँटीबॉडी, दिलं असेल तर गोवर आणि कांजिण्यांची लस आठ ते अकरा महिने नीट लागत नाही, कारण त्या बाटलीतल्या परक्या अँटीबॉडीच लशीला मारून टाकतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर लहानपणापासूनच्या लशी पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागतात. निष्क्रिय काही महिन्यांनी, गोवर-कांजिण्या साधारण दोन वर्षांनी.

परदेश प्रवासासाठी पीतज्वराची लस सक्तीची असेल आणि तुम्हाला ती चालत नसेल, तर डॉक्टर तसं वैद्यकीय सूट-पत्र देऊ शकतात. पण ते पत्र डासाला थांबवत नाही. साथ असलेल्या भागात जाणं टाळता येत असेल तर टाळा.

सहावी पायरी: घरातल्यांच्या लशी

रुग्णाला जी लस चालत नाही, ती घरातल्यांनी घेतली की त्याच्याभोवती कुंपण होतं. फ्लूची लस सगळ्यांनी दरवर्षी घ्यावी. गोवराची आणि कांजिण्यांची लस घरातल्या मुलांना बेलाशक द्या. कांजिण्यांच्या लशीनंतर मुलाच्या अंगावर पुरळ आलं तर तेवढे दिवस रुग्णाने जवळ जाऊ नये. रोटाव्हायरसची लस घेतलेल्या बाळाचं लंगोट रुग्णाने काही आठवडे बदलू नये, बदललंच तर हात साबणाने धुवावेत. अपवाद पोलिओच्या थेंबांचा. तो विषाणू विष्ठेतून बाहेर पडतो, म्हणून अशा घरातल्या बाळासाठी इंजेक्शनची पोलिओ लस मागा.

गरोदरपणात आईला बायोलॉजिक चालू असेल तर ते नाळेतून बाळात जातं आणि जन्मानंतर काही महिने त्याच्या रक्तात राहतं. बीसीजी जन्मल्या जन्मल्या देतात, म्हणून ही गोष्ट बाळंतपणाआधीच बालरोगतज्ज्ञांना सांगितलेली असायला हवी. आईला इन्फ्लिक्सिमॅब चालू होतं, बाळाला तीन महिन्यांचं असताना बीसीजी दिली आणि ते दगावलं, अशी नोंद २०१० साली वैद्यकीय नियतकालिकात आली. प्रसूतीच्या फाईलच्या पहिल्याच पानावर औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसाची तारीख मोठ्या अक्षरात लिहा. बाळाच्या बाकीच्या निष्क्रिय लशी वेळेवर होऊ द्या.

जिथे तारखा बघायच्या नाहीत

कुत्रं चावलं तर कुठलाही हिशेब करत बसू नका. जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात धुवा आणि लगेच जा. तिथे गेल्यावर पहिलं वाक्य हे बोला: "माझं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू आहे." कारण तुम्हाला लशीसोबत रेबीज इम्युनोग्लोबुलिन आणि पाच डोसांचं पूर्ण वेळापत्रक लागू शकतं, आणि नंतर अँटीबॉडी तपासून घ्यावी लागते. मळलेल्या खोल जखमेतही तेच, विशेषतः गेल्या सहा महिन्यांत रिटुक्सिमॅब झालं असेल तर. तेव्हा धनुर्वाताच्या लशीबरोबर इम्युनोग्लोबुलिनही देतात. घरात किंवा वर्गात कुणाला गोवर, कांजिण्या निघाल्या आणि तुम्ही त्यांच्या सहवासात होतात, तर त्याच दिवशी फोन करा. गोवरात सहा दिवसांच्या आत आणि कांजिण्यांत दहा दिवसांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं, तयार अँटीबॉडी देऊन आजार अडवता किंवा सौम्य करता येतो.

सातवी पायरी: एक कागद

ताईच्या फाईलला आता सगळ्यांत वर एक आखलेला कागद आहे. मधोमध रेघ. डावीकडे औषध, डोस, तारीख. उजवीकडे लस, जिवंत की निष्क्रिय, तारीख. दोन्ही बाजू एकाच कागदावर असल्याने कुठलाही डॉक्टर एका नजरेत बघू शकतो की शेवटच्या सलाईनला किती महिने झाले. पुढच्या तारखा पेन्सिलने लिहितो, झाल्या की पेनने. हिपॅटायटिस बीच्या तिसऱ्या डोसापुढे "एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपासणे" असं लिहिलेलं आहे; १० युनिट किंवा जास्त आल्या तर लस लागली असं धरतात, ताईच्या पहिल्या खेपेला आल्या नाहीत, म्हणून डोस पुन्हा द्यावे लागले. मोबाइलमध्ये फोटोही ठेवलाय, कारण ताप रात्री येतो आणि फाईल घरी राहते.

तापाचंही तिथेच लिहून ठेवलंय. लशीनंतर दंड दुखणं, एक-दोन दिवस कणकण हे चालतं. पण केमो चालू असताना ३८ अंश सेल्सियस किंवा वर ताप गेला तर लशीमुळे असेल म्हणून घरी बसायचं नाही, त्याच तासाला फोन करायचा. बाकीच्या औषधांतही ताप दोन दिवसांपुढे गेला, धाप लागली किंवा लघवी कमी झाली तर तसंच. कागदाच्या तळाशी तो फोन नंबर आहे, लाल पेनने.